सेंटिनेल-२ आणि अर्थ इंजिन : नागपूर परिसरात वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून नागपूरच्या आसपासचे तलाव, खाणी आणि जंगल यांतील बदल टिपण्यासाठी मी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रे गूगल अर्थ इंजिनवर वापरतो आहे. अव्यावसायिक कामासाठी हे सारे मोफत आहे आणि गणना दूरच्या सर्व्हरवर होत असल्याने साधा लॅपटॉप पुरतो. छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांबी-रुंदीचा चौकोन, हे मात्र सतत ध्यानात ठेवावे लागते.

सर्वाधिक वेळ अंबाझरी तलावाने घेतला. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते, तर जलपर्णीची पाने तो भरपूर परावर्तित करतात. त्यामुळे जलपर्णी पसरली की पाण्याचा निर्देशांक (ठिपक्यात पाणी आहे का, हे परावर्तित प्रकाशावरून सांगणारा आकडा) घसरतो आणि आकड्यांवर विसंबणाऱ्याला तलावच आटल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणून तलाव पूर्ण भरलेला असतानाची सीमा कायम धरली, काठावर उभे राहून जलपर्णीच्या जागा नकाशावर नोंदवल्या आणि त्या नमुन्यांवरून संगणकाला ‘रँडम फॉरेस्ट’ (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारी पद्धत) वापरून वर्गीकरण शिकवले. आता मोकळे पाणी आणि जलपर्णी बऱ्यापैकी वेगळी निघतात. काठालगतचे गवत अजूनही दगा देते.

उमरेडकडच्या उघड्या कोळसा खाणींत अडचण नेमकी उलटी येते. कोळसा प्रकाशाच्या सर्वच पट्ट्यांत (उपग्रह वेगवेगळ्या नोंदवतो त्या तरंगलांबींत) पाण्यासारखाच काळा दिसतो, हिवाळ्यात खाणीच्या भिंतींच्या सावल्या लांबतात आणि संगणक त्यांना पाणी ठरवतो. खाणीच्या तळाशी खरोखरचे पाणीही साचते, त्यामुळे ‘खाणीत पाणी नसतेच’ असा सरसकट नियम लावता येत नाही.

सागाच्या जंगलाची ऑक्टोबर आणि मार्च यांची तुलना करणे म्हणजे पानगळीला जंगलतोड म्हणणे. वेगवेगळ्या वर्षांतील एकच पंधरवडा घ्यावा. पावसाळ्यात ढगांमुळे छायाचित्रे जवळपास निरुपयोगी ठरतात, तेव्हा ढगांपलीकडचे पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारवर काम भागवतो. (काटोलकडच्या संत्राबागांचे वर्गीकरण मी सोडून दिले, सहा-सहा मीटरवर लावलेली झाडे आणि मधली माती एकाच ठिपक्यात मिसळते.)

औष्णिक केंद्रांच्या धुराचे मोजमापही यातून मिळेल, या अपेक्षेने कोणी येणार असेल तर सेंटिनेल-२ त्यासाठी नाही. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू मोजणाऱ्या सेंटिनेल-५पी या उपग्रहाचा एक ठिपका सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा असतो. कोराडी आणि खापरखेडा या औष्णिक केंद्रांचा वाटा त्यावरून वेगळा काढण्याच्या भरीस मी पडलेलो नाही.