उताराच्या प्लॉटवरचं घर आणि त्याच्या दोन भिंती : एक पावसाळा, एक उन्हाळा झाल्यावर

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या बाजूला डोंगर उतरत येतो, तिथला ४० बाय ६० फुटांचा प्लॉट. वरच्या कडेपासून खालच्या रस्त्यापर्यंत ११ फुटांचा उतार. वरचा भाग कापून, खालचा भरून मध्ये सपाट जागा केली आणि तिच्यावर घर बांधलं. खालच्या बाजूला भराव धरणारी आरसीसीची रिटेनिंग वॉल आहे, वरच्या बाजूला कापणी धरणारी गॅबियनची, म्हणजे जाळीच्या पेट्यांत दगड भरलेली भिंत. दोन्हींवरून एक अख्खा पावसाळा आणि एक खानदेशी उन्हाळा गेला. दोन्ही जागच्या जागी उभ्या आहेत. पण काँक्रीट आणि लोखंडापेक्षा भिंतीच्या पाठीमागे जे घातलं, त्याचे पैसे जास्त वसूल झाले.

कारण आकड्यांतच दिसतं. ८ फूट उंचीच्या भिंतीवर कोरडा, नीट दाबलेला मुरूम दर मीटर लांबीला साधारण पावणेदोन टन रेटा देतो. त्याच मुरमात पाणी तुंबून वरपर्यंत चढलं, तर रेटा पावणेचार टनांच्या आसपास जातो. माती तीच, भिंत तीच, आणि जोर दुपटीहून जास्त. उंचीचं गणित याहून कडक आहे: उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. म्हणून ११ फुटांचा उतार एकाच भिंतीत न घेता खाली ६ फूट आणि वर पाच फुटांच्या आत असा वाटला. दोन भिंती घराच्या दोन बाजूंना असल्याने एकीचा भार दुसरीवर येत नाही. एकाच बाजूला पायऱ्यांसारख्या भिंती घ्यायच्या असतील, तर वरची भिंत खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. त्याहून जवळ आली की खालची भिंत दोघींचं ओझं उचलते.

खालच्या भिंतीची मापं अशी. दिसणारी उंची ६ फूट, पाया जमिनीखाली अडीच फूट, म्हणजे पायाच्या तळापासून एकूण साडेआठ. पायाची रुंदी ५ फूट: पुढे दीड फुटाचा भाग, १० इंचांची उभी भिंत आणि बाकी सगळं मागे भरावाखाली. मागचा भाग लांब ठेवायचा, कारण त्याच्यावर बसलेला मुरूमच भिंतीला दाबून धरतो. जागा वाचवायला काही जण तो भाग आखूड करतात, तिथून भिंत ओणवी व्हायला सुरुवात होते. पायाची जाडी १० इंच, उभी भिंत खाली १० आणि वर ८ इंच. ४० रनिंग फुटाला मिळून सुमारे ४ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) काँक्रीट, एम २५ या मजबुतीचं, सिमेंट ८० पोत्यांच्या आसपास, लोखंड आठशे ते नऊशे किलो. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून परिमाणंच दिली. मात्र मापं उतरवून घेऊ नका. जमीन बदलली की पायाही बदलतो, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग एका डंपर मुरमापेक्षा फार महाग नसतं. वर गाडी उभी राहणार असेल, तर ते त्याला आधीच सांगायचं.

सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बंद होण्याआधी एकच गोष्ट डोळ्यांनी पाहावी: मुख्य उभे बार भरावाच्या बाजूला आहेत ना. इथे १२ एमएमचे बार ६ इंचांवर आहेत, मातीच्या अंगाला, ५० एमएम कव्हर, म्हणजे बाराबाहेर काँक्रीटचा थर, सोडून. ताण त्याच अंगाला येतो. घराच्या भिंती आणि कॉलमची सवय असलेला फिटर जाड बार पुढे घालतो किंवा मधोमध ठेवतो, आणि प्लॅस्टर झाल्यावर ते कुणालाच कळत नाही. पाया आणि उभी भिंत यांच्या सांध्यावर सिमेंटची वाळलेली साय खरवडून, धुऊन मगच वरचं काँक्रीट टाकावं. आठ फुटांवरून घमेली ओतली की खाली खडी वेगळी आणि पाणी वेगळं होतं आणि नेमका बुडाशी मधाच्या पोळ्यासारखा पोकळ पट्टा राहतो. दीड मीटरच्या वरून काँक्रीट सोडायचं नाही, उंची दोन टप्प्यांत घ्यायची, व्हायब्रेटर हवाच. दर २० फुटांवर सांधा सोडलाय. सांधे सोडून इतरत्र एक-दोन उभ्या केसासारख्या रेषा उन्हाळ्यात उमटल्या. त्या आकुंचनाच्या आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी आडव्या भेगेची आणि फुगलेल्या पोटाची करायची.

आपल्याकडच्या हवेत क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, ही स्वतंत्र अडचण आहे. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ कोरड्या उष्ण हवेत निदान १० दिवस सांगतं, मिश्र सिमेंटला १४ पर्यंत. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे मिश्रच असतं, म्हणून १४ धरा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या उभ्या भिंतीवर पाइपने मारलेलं पाणी एप्रिलच्या झळांत अर्ध्या तासात उडून जातं. दोन्ही अंगांना बारदान बांधून ते ओलं ठेवलं, तरच उपयोग. टँकरचा हिशोब त्यात धरावा. वेळापत्रक असं बसतं: पाया हिवाळ्यात, उभी भिंत फेब्रुवारीअखेर, भराव मार्च-एप्रिलमध्ये, आणि जूनच्या आधी वरची फरशी व गटार पूर्ण. काँक्रीटला २८ दिवस होण्याआधी मागे जेसीबीने मुरूम ढकलायचा नाही, कंत्राटदार कितीही घाई करो.

आता पाठीमागची बाजू. भिंतीला लागून १ फूट जाडीचा ४० एमएम खडीचा उभा पट्टा, तळापासून माथ्याच्या एक फूट खालपर्यंत. जवळजवळ अडीच ब्रास खडी लागली. खडी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, साधारण ३५ चौरस मीटर. तळाशी भोकं पाडलेला ४ इंची पाइप, त्याच कापडात गुंडाळलेला, १०० फुटाला १ फूट उतार देऊन भिंतीच्या टोकाला बाहेर काढलेला. शिवाय भिंतीतून ३ इंची पीव्हीसीची निचऱ्याची भोकं दोन ओळींत, ५-५ फुटांवर, एकमेकींच्या मधोमध येतील अशी, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. कापड टाळून नुसती खडी टाकली, तर दोन-तीन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरते आणि पट्टा बुजतो. भिंत बाहेरून तशीच दिसते, मागे मात्र टाकी तयार होते.

जूनच्या पहिल्या सरींत भोकांतून काही आलं नाही. तापलेला मुरूम तेवढं पाणी पिऊन टाकतो. जुलैत झड लागल्यावर तळाचा पाइप वाहू लागला, खालची ओळ ठिबकू लागली आणि वरची ओळ कोरडीच राहिली. हेच हवं असतं. वरच्या ओळीतून धार लागली, तर तळाचा पाइप चोंदलाय असं समजावं. पाणी स्वच्छ येतंय की गढूळ, हेही बघायचं. पहिल्या दोन-तीन पावसांत थोडं गढूळ चालेल. त्यानंतरही गढूळ येत असेल, तर मागची माती वाहून जाते आहे आणि वर खड्डा पडणार आहे.

भरावात काळी माती एक टोपलीही जाऊ देऊ नका. पाणी प्यायली की ती फुगते आणि वजनाव्यतिरिक्त स्वतःचा वेगळा रेटा भिंतीला लावते. खोदकामात वरचा फूट-दोन फूट काळा थर निघतोच आणि ट्रॅक्टरवाल्याला तो भरावात लोटायचा असतो, कारण वाहतूक वाचते. मुरमातही काळी मिसळल्याचा संशय असेल, तर प्रयोगशाळेत फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती फुगते तो आकडा, काढून घ्यावा, ती चाचणी स्वस्त आहे. आणखी एक मुद्दा खास आपल्या भागाचा. भरावाच्या वर चिकणमातीचा थर द्या म्हणजे पाणी आत जाणार नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. खानदेशात मे महिन्यात काळी माती हात जाईल एवढी भेगाळते, आणि जूनचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ भिंतीच्या पाठीशी उतरतं. इथे वर दाबलेला मुरूम, त्यावर ग्रीट आणि पेव्हर ब्लॉक असं केलं, भिंतीपासून उलट्या दिशेला उतार देऊन. पाणी गटारात जातं. पेव्हरचा दुसरा फायदा म्हणजे भराव बसला तर उचलून, खाली ग्रीट भरून पुन्हा लावता येतात.

आणि भराव बसतोच. ९-९ इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी, प्लेट कॉम्पॅक्टर, भिंतीपासून ३ फुटांपर्यंत मोठा रोलर नाही, एवढं पाळूनही पावसाळ्यानंतर भिंतीलगतचे पेव्हर बोटभर खचले. दोन-अडीच फुटांचा ढीग एकदम टाकून वर पाणी सोडणं, याला दाबणं म्हणत नाहीत. तसा भराव वितीने खचतो.

गॅबियनला माझ्या मते जास्त गुण. कापणीच्या बाजूला पाझर येणारच, आणि या भिंतीतून पाणी कुठूनही निघून जातं, भोकांचा प्रश्नच नाही. खाली दीड मीटर आणि वर एक मीटर रुंदीच्या पेट्या, प्रत्येकी एक मीटर उंच, अर्धा मीटर जमिनीत, मागे कापड, पूर्ण भिंत किंचित डोंगराकडे झुकवलेली. ४० फुटाला साडेदहा-अकरा ब्रास काळा दगड लागला. दगड ६ ते १० इंचांचा, क्रशरवरचा ठिसूळ पापुद्र्याचा नव्हे. जाळीचा आस, म्हणजे एकेक डोळा, १० बाय १२ सेंटिमीटरचा असतो, त्यातून निसटेल असा बारका डबर भरून पेटी लवकर भरते खरी, पण पहिल्याच पावसात ती पोट काढते. दर फुटाला थर हाताने रचून पुढच्या-मागच्या जाळीला आतून तार ओढली, की दर्शनी बाजू सरळ राहते. इथे एक-दीड इंच फुगवटा आलाय, तो चालतो. तोटे दोन: जागा खूप खाते, आणि फटींत उंदीर-विंचू राहतात. खिडकी आणि भिंत यांच्यात ३ फूट मोकळा पट्टा ठेवून तो झाडून घ्यावा लागतो.

या भागाची जमीन आधी वाचून घ्यायला हवी. धुळे-नंदुरबारकडे बेसॉल्टचे डाइक आहेत, शेतातून लांबच्या लांब काळ्या दगडी भिंतीसारखे उठलेले. डाइक कुठे पाणी अडवतो, तर कुठे त्याच्या फटींतून पाणी वाहतं. दोन लाव्हाथरांच्या मधला तांबड्या मातीचा पट्टा याहून जपण्याचा: वरच्या तडकलेल्या खडकातून उतरलेलं पाणी त्याच्यावर अडून आडवं बाहेर येतं, आणि ओला झाला की तो निसरडा होतो. कापणीत असा लाल पट्टा दिसला, तर भिंतीचा पाया त्याच्यावर थांबवू नका, त्याच्याखाली कठीण थरात न्या. वरच्या भिंतीच्या माथ्यामागे ३ फुटांवर फूट बाय फूट मापाची पक्की चर काढली आणि तिचं पाणी प्लॉटच्या कडेने रस्त्याच्या गटारात सोडलं. सगळ्या कामात सर्वात कमी खर्चाची आणि सर्वात जास्त कामाला आलेली गोष्ट तीच.

घराचे सगळे फुटिंग, म्हणजे कॉलमचे पाये, मूळ मुरमात आहेत, भरावात एकही नाही. त्यामुळे खालच्या ओळीतले कॉलम वरच्यांपेक्षा ६ फूट जास्त खोल गेले. अशा लांब कॉलमना मध्ये टाय बीम, म्हणजे त्यांना आडवं जोडणारा बीम, द्यावा लागतो. नाहीतर भूकंपाच्या हादऱ्यात आखूड आणि ताठ कॉलमवरच सगळा जोर येतो. फुटिंगच्या तळापासून ४५ अंशांत खाली काढलेली रेष भिंतीच्या पायाखालून गेली पाहिजे. ती उभ्या भिंतीला छेदत असेल, तर घराचं वजन भिंतीवर येतंय.

सेप्टिक टँक आणि जमिनीतली पाण्याची टाकी भरावात घ्यायची नाही, गळती लागली की ती बारमाही पाऊस. केळीचं खोडही भिंतीमागे नको. खानदेशात अंगणात केळ लावायचा मोह होतो, पण तिला रोज भरपूर पाणी लागतं आणि ते सगळं खडीत उतरतं. लिंबू, शेवगा, तगर यांना ठिबक चालतं. भोकांत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढावं.

वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीनंतर, ठरलेल्या तीन जागी ओळंबा लावून झुकाव लिहून ठेवायचा. भराव टाकल्यावर ८ फुटाला पाव इंचापर्यंत पुढे येणं स्वाभाविक आहे, म्हणूनच दर्शनी बाजू बांधतानाच दर फुटाला पाव इंच आत घेतात. एका पावसाळ्यानंतर थांबलेला आकडा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सरकला, तर आधी तळाचा पाइप पाण्याच्या दाबाने धुऊन घ्या, आणि तोवर वर गाडी उभी करू नका.