नागपूरच्या बर्डीत 'फुल अनलॉक' सांगून विकलेला पिक्सेल फोन, माझे २३,८०० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहू की नको यात तीन आठवडे गेले कारण लाज वाटत होती. आमच्या मानेवाड्याकडे कोणाच्या फोनचे अपडेट बंद झाले की लोक माझ्याकडे येतात, चार-पाच जणांच्या जुन्या फोनवर मी स्वतः लिनेजओएस (अँड्रॉइडचीच फुकट आवृत्ती, कंपनीने अपडेट बंद केले तरी हिचे येत राहतात) टाकून दिलं आहे, एक रुपया न घेता. आणि मलाच भर दिवसा, समोरासमोर, खोटं बोलून लुटलं. फोनचे १७,५००, मग ३,५००, मग २,८००. बेरीज २३,८००. माझ्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढे आहेत हे.

माझा वनप्लस ६ होता, २०१८ चा. कंपनीने अपडेट केव्हाच बंद केले पण लिनेजमुळे मस्त चालून राहिला होता, शेवटी बॅटरी फुगली आणि मागची काच उचलली गेली. नवीन घ्यायची सध्या ऐपत नाही म्हणून पिक्सेल ५ शोधत होतो. गूगलने तो भारतात विकलाच नाही, त्यामुळे इथे जो भेटतो तो बाहेरून आलेलाच असतो. गूगलचे अपडेट २०२३ च्या शेवटी संपले, पण लिनेजच्या यादीत तो आहे, लिनेजओएस २२ म्हणजे अँड्रॉइड १५ त्यावर चालतं. स्वस्तात चांगला फोन आणि पुढची दोन-तीन वर्षं सिक्युरिटी पॅच, एवढाच हिशोब होता. यात मूर्खपणा काय होता ते मला आजही कळत नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं 'अनलॉक्ड, सब सिम चालू, कस्टम रॉम सपोर्ट'. कस्टम रॉम म्हणजे लिनेजसारखी बाहेरची सिस्टीम. फोन चालू होताना आधी बूटलोडर नावाचा प्रोग्रॅम चालतो, त्याचं लॉक खोलल्याशिवाय लिनेज टाकता येत नाही. म्हणून मी व्हॉट्सअॅपवर स्पष्ट विचारलं, बूटलोडर अनलॉक होते का? उत्तर आलं, हाव भाऊ, फुल अनलॉक आहे. त्या चॅटवर त्याने डिसअपिअरिंग मेसेज लावून ठेवले होते, २४ तासांचे. माझं लक्ष होतं पण वाटलं दुकानदाराला रोज दोनशे मेसेज येत असतील, म्हणून ठेवलं असेल. तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढा लोकहो. दुकानदार स्वतःच्या बोलण्याचा पुरावा २४ तासांत पुसत असेल तर त्याच्याकडे जाऊच नका.

२,००० टोकन यूपीआयने पाठवले आणि दुसऱ्या दिवशी बर्डीला गेलो. मेन रोडवरच्या एका आर्केडमध्ये जिन्याखालचा काउंटर आहे. मी डोळे झाकून घेतला असं कोणी म्हणू नका. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढला, डब्याशी जुळवला, केवायएम आणि तो नंबर लिहून सरकारच्या १४४२२ वर मेसेज केला, चोरीच्या फोनांच्या ब्लॅकलिस्टमध्ये नव्हता. माझं सिम टाकून कॉल लावून पाहिला. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन उघडले आणि ओईएम अनलॉकिंग शोधलं, बूटलोडर खोलायची परवानगी देणारं बटण.

ते करडं होतं, दाबलं तर हलत नव्हतं. खाली बारीक अक्षरात ओळ होती, 'कनेक्ट टू द इंटरनेट ऑर कॉन्टॅक्ट युवर कॅरिअर'. माझ्या आधी त्यानेच ती मोठ्याने वाचली आणि इंटरनेटपर्यंत वाचून थांबला. म्हणे भाऊ आत्ताच रीसेट मारला, नेट नाही न याले, घरी वायफायला लावा, आपोआप चालू होते. आणि हे अर्धं खरं आहे! रीसेटनंतर फोन नेटला लागेपर्यंत ते बटण करडं राहू शकते, मी स्वतः हे दुसऱ्यांच्या फोनवर पाहिलेलं आहे. म्हणून मान हलवली. पुढचा अर्धा भाग, कॅरिअरला म्हणजे सिम कंपनीला विचारा, माझ्या डोळ्यासमोर होता. तीन शब्द.

माझ्या खिशात दुसरा फोन होता, त्यात नेट होतं. हॉटस्पॉट लावून त्याच्याच काउंटरवर दोन मिनिटात सोक्षमोक्ष लागला असता. रोज रात्री हेच डोक्यात येते. पण सहा वाजता आईला धंतोलीला डॉक्टरकडे न्यायचं होतं, साडेपाच होऊन गेले होते, आणि तो मागे लागला होता की अजून एक जण हाच पीस पाहायला निघाला आहे. १५,५०० नगद मोजून दिले. बिल मागितलं तर सेकंडहँडचं बिल नसते म्हणाला, एका कार्डाच्या मागे नुसता आकडा लिहून दिला.

घरी वायफायला लावला, रात्र गेली, सकाळ गेली, बटण करडंच. मग लॅपटॉपला लावून फास्टबूटमध्ये, म्हणजे फोनला थेट कमांड देता येतात त्या मोडमध्ये विचारलं, गेट अनलॉक अॅबिलिटी, अनलॉक होऊ शकते का, उत्तर शून्य, म्हणजे नाही. अनलॉकची कमांड दिली तर 'फ्लॅशिंग अनलॉक इज नॉट अलाउड'. ज्यांना माहीत आहे त्यांना एवढ्यात कळलं असेल. अमेरिकेतल्या व्हेरायझन या सिम कंपनीचा पीस होता. व्हेरायझनने विकलेल्या पिक्सेलचं सिम लॉक निघते, जगातलं कोणतंही सिम चालते, पण बूटलोडर कायमचा बंद असतो. लिनेजच्या पानावर तसं लिहिलेलं आहे, मी मॉडेल पाहिलं आणि खालची सूचना वाचली नाही, ही माझी चूक, कबूल. पण दुकानदाराला हे दोन लॉक वेगळे असतात हे पक्कं माहीत होतं, त्याशिवाय ती ओळ कुठे तोडायची हे कसं कळलं त्याला?

परत गेलो तर म्हणाला, अनलॉक म्हणजे सिम अनलॉक, सिम चालून राहिली न तुमची? बूटलोडरचं कोण बोललं, दाखवा मेसेज. मेसेज तर गायब झालेले. शेवटी म्हणाला ८,००० मध्ये परत घेतो. म्हणजे ९,५०० खाऊन तोच फोन पुढच्याला परत 'फुल अनलॉक' म्हणून विकणार. मी नाही दिला.

आता दुसरी फसवणूक, आणि ही सांगताना जास्त त्रास होतो. टेलिग्रामवर एक जण भेटला, व्हेरायझन पिक्सेलचा बूटलोडर रिमोटने खोलून देतो म्हणे. तुम्ही म्हणाल एवढं माहीत असताना कसा फसला. पण २०१६ च्या पहिल्या पिक्सेलच्या व्हेरायझन पीसवर तशी पळवाट खरंच निघाली होती, नंतर ती बुजवली. मला वाटलं पिक्सेल ५ साठी पण काही निघालं असेल, आणि साडेसतरा हजार अडकले असले की माणूस आशेवर जगते. ३,५०० पाठवले. त्याने एनीडेस्क (दुसऱ्याला आपला लॅपटॉप लांबून चालवू देणारं अॅप) लावायला सांगितलं, काळ्या खिडकीत काहीबाही टाइप केलं, मग म्हणाला सर्व्हर क्रेडिट संपलं, २,८०० अजून. तेही दिले. मग ब्लॉक. लिनेज बनवणारे लोक फुकट काम करतात, जगभरात बसून, स्वतःच्या वेळात. त्यांच्या नावावर अनलॉकचे पैसे कोणी मागितले की समजा चोर आहे. आणि एनीडेस्क लावलं असेल तर आधी ते काढा, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, मी ती रात्र त्यातच घालवली.

पोलीस स्टेशनला गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी दीड तास बाकड्यावर बसवलं आणि मग विचारलं, फोन चालू आहे न? मी म्हटलं आहे. मग फसवणूक कायची? मी सांगून राहिलो की याचा शेवटचा पॅच २०२३ चा आहे, याच फोनवर मी यूपीआय वापरणार, बँकेचं अॅप वापरणार, अपडेट नसलेला फोन म्हणजे कुलूप नसलेलं घर, आणि अपडेट होतील असं सांगूनच याने पैसे घेतले. ते म्हणाले दिवाणी मामला आहे, कंझ्युमरमध्ये जा. खोटं सांगून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? हे विचारलं तर आवाज खाली ठेवा म्हणाले. साधा अर्ज घेतला, तोही मी पोच मागितली तेव्हा शिक्का मारून दिला. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बँकेत टेलिग्रामवाल्याच्या ६,३०० साठी गेलो. काउंटरवरच्या बाईंनी एकच वाक्य तीनदा सांगितलं, पिन तुम्हीच टाकला आहे. हो, मीच टाकला, माझ्या डोक्यावर बंदूक नव्हती, पण समोरचं खातं तर तुमच्याच बँकेचं आहे न, ते कोणाच्या नावाने उघडलं, केवायसी कोणी केली? यावर उत्तर नाही. मॅनेजर मीटिंगमध्ये. मला या टेबलवरून त्या टेबलवर पाठवत राहिले आणि चार वाजता जिना दाखवला. दोन सुट्ट्या गेल्या माझ्या, एक बिनपगारी.

यात मी केलेली खरी चूक सांगतो, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तिसऱ्या दिवशी फोन केला. लाजेने. तोपर्यंत पैसे खात्यातून निघून गेले होते. पैसे गेल्याबरोबर त्याच तासात १९३० लावा, घरच्यांना नंतर सांगा.

बाहेरून आलेला कोणताही फोन असू द्या, काउंटरवरच तुमचं हॉटस्पॉट द्या, ओईएम अनलॉकिंगचं बटण स्वतःच्या बोटाने चालू करून पाहा, नाही झालं तर फोन ठेवून निघून या, कोणी दुसरा गिऱ्हाईक येत असेल तर येऊ द्या. केवायएमचा मेसेज चोरीचा फोन ओळखायला बरा, कॅरिअर तो सांगत नाही. सॅमसंगचा अमेरिकन पीस, मॉडेल नंबरच्या शेवटी यू किंवा यू१ असलेला, कस्टम रॉमसाठी घेऊच नका. टोकन देऊ नका, टोकन दिलं की मन अडकते. आणि नगद तर अजिबातच नाही, माझे १५,५०० कुठेच दिसत नाहीत आता, कागदावर मी फक्त २,००० चा फोन घेतला आहे.

ग्राहक आयोगात तक्रार टाकून राहिलो आहे. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत करता येते. माझ्याकडे कार्डाच्या मागे लिहिलेला आकडा आहे, टोकनची यूपीआय पावती आहे, डबा आहे आणि पोलिसांचा शिक्का असलेला अर्ज आहे. त्या आर्केडमधून, त्याच जिन्याखालच्या काउंटरवरून कोणी 'फुल अनलॉक' पिक्सेल घेतला असेल आणि त्याचे मेसेज अजून शाबूत असतील तर आज रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा. चार जण मिळून गेलो तर त्याला दाखवा मेसेज म्हणता येणार नाही.