ऑटोगायडर आठ महिने वापरल्यावर: कॅलिब्रेशन नेमकं कुठे फसतं

५० मिमी व्यासाचा आणि २०० मिमी फोकल लांबीचा गाइड स्कोप, त्याच्या मागे ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो कॅमेरा, लॅपटॉपवर पीएचडी-२ हे गायडिंगचं सॉफ्टवेअर. हा झाला ऑटोगायडर: फोटो चालू असताना तो एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा सरकला की माउंटकडून दुरुस्ती करून घेतो. हा संच मी आठ महिने एका मध्यम वजनाच्या इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या बैठकीवर, वापरतोय. मुख्य दुर्बीण ८० मिमीची, फोकल लांबी ६००. आधीच सांगतो, संच चांगला आहे आणि परत घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण पहिले दोन महिने माझ्या हाती एकही धड फोटो लागला नाही, आणि दरवेळी अडलं ते कॅलिब्रेशनपाशी. नवीन माणूस नेमका इथेच कंटाळतो आणि वस्तू खराब आहे असं धरून चालतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कॅलिब्रेशनमध्ये सॉफ्टवेअर माउंटला पश्चिमेकडे छोटे छोटे धक्के देतं आणि तारा किती पिक्सेल, कोणत्या दिशेला सरकला ते बघतं. मग पूर्वेकडे परत आणतं. मग उत्तर, मग दक्षिण. एवढ्यावरून त्याला कळतं की कॅमेऱ्याच्या चौकटीत आर.ए. (पूर्व-पश्चिम अक्ष) कुठल्या बाजूला आहे, डेक (उत्तर-दक्षिण अक्ष) कुठल्या बाजूला आहे आणि एका सेकंदाच्या धक्क्याला तारा किती हलतो. हे माप चुकलं की रात्रभराचं गायडिंग त्याच चुकीवर चालतं. मी कितीतरी रात्री अॅग्रेसिव्हनेसचे आकडे (दुरुस्ती किती जोराने करायची ते) वरखाली करण्यात घालवल्या. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता.

पहिल्या रात्री मी थेट एम८१ या दीर्घिकेवर दुर्बीण लावली आणि तिथेच कॅलिब्रेशन सुरू केलं. तारा पुरेसा हलला नाही, असा संदेश आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं, एक्स्पोजर वाढवलं. कारणं दोन होती आणि दोन्ही एकत्र आली होती. पहिलं म्हणजे एम८१ ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) आहे +६९ अंश. ध्रुवाच्या जितकं जवळ जावं तितका आर.ए.च्या धक्क्याने तारा कमी सरकतो. हे प्रमाण क्रांतीच्या कोसाइनइतकं असतं आणि ६९ अंशांना ते फक्त ०.३६ भरतं. दुसरं कारण सेटिंगमधलं. फोकल लांबीच्या चौकटीत मी गाइड स्कोपची २०० लिहायच्या ऐवजी मुख्य दुर्बिणीची ६०० लिहिली होती.

हिशोब मांडून दाखवतो. २०० मिमी आणि ३.७५ मायक्रॉन म्हणजे एका पिक्सेलला सुमारे ३.९ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). गाइड रेट, म्हणजे धक्क्याचा वेग, आकाशाच्या फिरण्याच्या ०.५ पट असेल तर माउंट सेकंदाला ७.५ आर्कसेकंद सरकवतो. २५ पिक्सेलचं अंतर १२ पावलांत कापायचं तर एक पाऊल साधारण १०५० मिलिसेकंदांचं हवं. ६०० लिहिल्यामुळे ते ३५० झालं. पाऊल एक तृतीयांश, त्यात ६९ अंशांवर तारा हलणार पुन्हा एक तृतीयांशच. म्हणजे १२ च्या जागी शंभरएक पावलं लागली असती, आणि सॉफ्टवेअर त्याच्या बरंच आधी हात टेकतं. याच चुकीचा आणखी एक ताप झाला. पुढे कसंबसं कॅलिब्रेशन पार पडलं तेव्हा ग्राफवर चूक ०.६ आर्कसेकंद दिसायची, प्रत्यक्षात ती तिप्पट, १.८ होती. ग्राफ सुंदर आणि फोटोतले तारे लांबुळके, हे कोडं सुटायला मला तीन आठवडे लागले.

आता मी कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळच (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) करतो. मृगाच्या पोटातल्या बाणातला मिंटाका हा तारा जवळजवळ बरोबर विषुववृत्तावर आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी जागा सापडते. एक्स्पोजर २ सेकंद. तारा फार तेजस्वी नको, प्रोफाइलचा माथा सपाट दिसला की तो सोडून दुसरा घ्यायचा. डार्क लायब्ररी (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेमचा साठा) मात्र आधी करून ठेवायलाच हवी. एकदा सॉफ्टवेअरने हॉट पिक्सेललाच (कॅमेऱ्यातला सतत चमकणारा सदोष ठिपका) तारा समजून धरलं होतं, आणि तो कशाला हलतोय!

आर.ए. सुटल्यावर डेक अडलं, आणि ते जास्त शिकवून गेलं. कॅलिब्रेशनचा आलेख उघडून बघा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. माझ्या आलेखात पश्चिमेचे ठिपके सारख्या अंतरावर होते, सुईदोऱ्याने टाके घातल्यासारखे. उत्तरेचेही बरे होते. पण दक्षिणेकडे वळल्यावर पहिले चार ठिपके एकाच जागी, एकमेकांवर बसलेले, आणि मग एकदम हालचाल. हा बॅकलॅश. मोटर फिरते, पण वर्म (चाक फिरवणारा मळसूत्री दांडा) आणि चाकाच्या दातांमधली मोकळीक भरून निघेपर्यंत दुर्बीण जागची हलत नाही. सॉफ्टवेअरमधल्या गायडिंग असिस्टंटने हा आकडा ४१०० मिलिसेकंद दाखवला. आणखी एक खूण सांगतो. विषुववृत्ताजवळ दोन्ही अक्षांचा गाइड रेट सारखा असेल तर आर.ए. आणि डेकचा मोजलेला वेगही जवळपास सारखाच यायला हवा. डेकचा वेग बराच कमी आला तर त्यातली काही पावलं मोकळीक भरण्यातच गेली असं समजावं.

मी वर्मचे स्क्रू अगदी थोडे, म्हणजे घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकेल एवढेच, फिरवले आणि प्रत्येक वेळी अक्ष पूर्ण फेरी हाताने फिरवून बघितला. जास्त आवळलं की तो एका ठिकाणी जड होतो, आणि ते बॅकलॅशपेक्षा वाईट. तीन बैठकांत आकडा ११०० वर आला. ज्यांना माउंट उघडायचं नाही त्यांनी पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाच्या रेषेत लावणं) किंचित चुकीची ठेवून डेकची दुरुस्ती एकाच दिशेने करावी. दात मग एकाच बाजूला टेकून राहतात. शिवाय कॅलिब्रेशनच्या आधी हँड कंट्रोलरवर मंद वेगात उत्तरेचं बटण काही सेकंद दाबून ठेवायची सवय मी लावून घेतली आहे.

संचाबद्दल माझी एकच खरी तक्रार आहे, ती गाइड स्कोपच्या रिंगांबद्दल. सहा स्क्रू, प्रत्येकाच्या टोकाला नरम प्लास्टिक. थंडी वाढली की ते सैल पडतात. एका रात्री आलेखात दोन अक्षांमधला कोन ९० च्या जागी ६८ अंश आला. टॉर्च लावून नळीला बोटाने हलकेच ढकललं तर पडद्यावरचे तारे उडी मारून गेले. मी त्या रिंगा काढून नळीला घट्ट धरणारा पक्का क्लॅम्प बसवला, आणि कॅमेऱ्याची लोंबणारी केबल दुर्बिणीला बांधून टाकली. कोन तेव्हापासून ८८ ते ९२ च्या बाहेर गेलेला नाही.

जोडणीबद्दल थोडंसं. सुरुवातीला मी एसटी-४ केबलने, म्हणजे कॅमेरा थेट माउंटला जोडून, चालवत होतो. मेरिडियन फ्लिप झाली, म्हणजे मध्यमंडल ओलांडताना दुर्बीण खांबाच्या दुसऱ्या बाजूला गेली, की सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नसायचा, दुरुस्ती उलट दिशेने व्हायची आणि तारा चौकटीबाहेर जायचा. अॅस्कॉम या माउंटच्या ड्रायव्हरमधून पल्स गायडिंग (लॅपटॉपवरून थेट माउंटला आदेश) सुरू केल्यावर दुर्बीण कुठे आहे आणि खांबाच्या कोणत्या बाजूला आहे हे त्याला कळतं. त्यामुळे कॅमेरा फिरवला नाही तर तेच कॅलिब्रेशन आठवडेच्या आठवडे चालतं. फक्त फ्लिपनंतर डेक उलटवायचं की नाही ही सेटिंग आपल्या माउंटवर एकदा तपासून घ्या, माझ्याकडे ती बदलावी लागली.

सध्या १८० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल येतात, एकूण चूक बऱ्या रात्री ०.८ आर्कसेकंदांच्या आसपास असते. ६०० सेकंदांना अजून थोडे लांबतात, ग्राफ स्वच्छ असूनही. गाइड स्कोप आणि मुख्य दुर्बीण वेगवेगळ्या वाकतात, त्याचा हा परिणाम. त्यासाठी ऑफ-अॅक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतूनच गाइड तारा बघणारा) लावून बघणार आहे, तोवर १८० वरच काम चालू आहे.