जुना वाडा वाचनालयाला द्यायचाय: माती-सागवानाची दुरुस्ती की आतून लोखंडी सांगाडा?

वऱ्हाडात गावोगावी दुमजली वाडे कुलुपात पडलेत. काळ्या दगडाचा पाया, पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, सागवानी खांब-तुळया, वर धाबं (मातीचं सपाट छत) नाहीतर कवेलू. असा वाडा पाडायचा नाही, गावाच्या कामी आणायचा, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासमोर दोन मार्ग असतात. जशाच्या तशा साहित्यात दुरुस्ती, किंवा भिंती राखून आत लोखंडी सांगाडा.

निवड करण्याआधी नवा वापर नक्की करा. इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या आयएस 875 या भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरलाय, वर्गखोलीसाठी 300, आणि 2.2 मीटर उंच कपाटांच्या पुस्तकखोलीसाठी तब्बल 600. वाड्याची माडी माणसांच्या वावरासाठी बांधलेली. तिच्यावर पुस्तकांची कपाटं चढवलीत तर लोखंड लागणारच. तीच कपाटं खाली, जमिनीवर ठेवा आणि माडीवर टेबल-खुर्च्या मांडा. सागवान शाबूत असेल तर बहुतेक वेळा जुन्या तुळया पुरतात. मांडणी नीट केली की लाखाचं काम टळतं, हे मालकांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

माती-सागवानाच्या दुरुस्तीचा मोठा गुण म्हणजे जुनं आणि नवं एकाच स्वभावाचं राहतं. मातीची भिंत जमिनीतला ओलावा ओढते आणि वाऱ्यावर सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा (ओलीबरोबर येणारा खार) वर सरकतो, आणि बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या गिलाव्यामागे भिंतीचा भुगा होतो. मातीला मातीचाच लेप हवा, भाजक्या विटेला चुन्याचा. लाकडाचंही तसंच. तुळई सहसा मधे सडत नाही, भिंतीत गेलेलं टोक सडतं किंवा वाळवी खाते. तिथे टोचा मारून बघा. सडकं टोक कापून नव्या सागवानाचा सांधा देता येतो, सगळी तुळई बदलावी लागत नाही. पाडलेल्या वाड्यांचं जुनं, मुरलेलं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. उणीव दोन: हात बसलेला मिस्त्री शोधावा लागतो, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी लिंपण-शाकारणी चुकवून चालत नाही. सेवाग्रामच्या 1936 सालच्या माती-बांबूच्या कुट्या अशाच सांभाळामुळे उभ्या आहेत.

लोखंडी सांगाडा भिंतीला न टेकता स्वतःच्या पायावर उभा राहतो, नवा भार तोच पेलतो, भिंतीला फक्त स्वतःचं वजन उरतं. नटबोल्टने जोडला तर उद्या काढताही येतो. माडीवर सभागृह हवं असेल, किंवा तुळया निम्म्याहून अधिक गेल्या असतील, तर मी हाच सुचवीन. अडचण खाली आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सांगाड्याच्या पायासाठी जुन्या भिंतीलगत सलग चर खणला, तर उथळ पायाची भिंत त्यातच उतरते. म्हणून खड्डे सुटे, एकाआड एक घ्या आणि मुरूम लागेपर्यंत जा. काळी माती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब बरे, त्यांना अरुंद भोक पुरतं.

‘त्यापेक्षा वरून स्लॅबच टाकू’ हा सल्ला हमखास मिळतो. वजन हा त्यातला अर्धाच दोष. जाड धाबंही हलकं नसतं. पण वैशाखात पारा 45 च्या पुढे गेला की स्लॅब पसरतो. दहा मीटरचा स्लॅब 30 अंशांच्या फरकाने तीनेक मिलिमीटर लांबतो, रात्री आखडतो, आणि मातीच्या भिंतीचा माथा रोज ढकलला जातो. मातीच्या भिंतींवर स्लॅब नकोच.

मार्ग कुठलाही असो, भिंती कोपऱ्यांत एकमेकींना आणि माडीला बांधून घ्या. 1993 च्या किल्लारी भूकंपात जड छतं आणि सुट्या दगड-मातीच्या भिंती किती जीवघेण्या ठरल्या, ते शेजारच्या मराठवाड्याने पाहिलंय.

भिंतीला पोट आलं असेल तर ताबडतोब टेकू द्या. नुसती भेग असेल तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि पावसाळा-उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. काच फुटली तर पाया अजून हलतोय. तोवर पाण्याचं बघा: गावातला सिमेंट रस्ता थरावर थर चढून ओसरीच्या बरोबरीला आलाय का, चौकातली मोरी तुंबलीय का. पाणी वळवल्यावर कित्येक भेगा वाढायच्या थांबतात, आणि मग महागड्या मार्गाची गरजच उरत नाही.

माझा कौल साध्या वाचनालयाला किंवा मुक्कामाच्या खोल्यांना माती-सागवानाचा, आणि फक्त जिथे भार खरोखर वाढतो त्या एखाद्या खणात, म्हणजे खांबांमधल्या भागात, लोखंडाचा. काम दिवाळीनंतर सुरू करा. उघडलेलं धाबं मृगाच्या आत झाकून झालंच पाहिजे.