पिफ की इफ्फी : आठवडाभराची रजा कुठे खर्च करावी?

जगभरचे चित्रपट पाहण्यासाठी पुणेकराला गाव सोडावे लागत नाही. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेला पिफ, २००२ पासून शहरातच भरतो आणि डॉ. जब्बार पटेल यांच्या संचालकत्वाखाली त्याने स्वतःचा प्रेक्षकवर्ग घडवला आहे. तरीही दिवाळी जवळ आली की चित्रपटवेड्या मित्रमंडळींत हमखास प्रश्न निघतो : रजा राखून नव्या वर्षात पिफ करावा, की २० नोव्हेंबरच्या सुमारास गोव्यात सुरू होणारा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गाठावा? ज्याला दोन्ही जमते त्याला सल्ल्याची गरज नाही. ज्याच्या हाती एकाच आठवड्याची रजा आहे, त्याच्यासाठी ही तुलना.

चित्रपटांच्या यादीवरून निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे. बर्लिनचा महोत्सव फेब्रुवारीत, कानचा मे महिन्यात आणि व्हेनिसचा ऑगस्टअखेरीस सुरू होतो. तिथे गाजलेले चित्रपट वर्षाच्या उत्तरार्धात भारतात पोहोचतात, आणि नोव्हेंबरात पणजीला दाखवलेला एखादा चित्रपट दोन महिन्यांनी पुण्याच्या पडद्यावर दिसणे यात नवल राहिलेले नाही. पिफ साधारणपणे जानेवारीत भरतो (२०२५ साली तो फेब्रुवारीत गेला होता), त्यामुळे ऑस्करसाठी देशोदेशींनी पाठवलेल्या प्रवेशिका तोवर जाहीर झालेल्या असतात आणि त्यांतील काही इथे पाहायला मिळतात. इफ्फीचा पसारा अर्थातच मोठा आहे. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला आणि २००४ पासून गोव्यात स्थिरावलेला हा केंद्र सरकारचा महोत्सव असून, सुवर्णमयूर या सर्वोच्च पुरस्कारासाठीच्या स्पर्धेइतकेच त्याचे आकर्षण म्हणजे १९७८ पासून चालत आलेला इंडियन पॅनोरमा हा भारतीय चित्रपटांचा विभाग. आसामी, मल्याळम किंवा कोकणी चित्रपट पुण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये किती दिवस टिकतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या विभागाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पिफकडे याला तोलामोलाचे उत्तर आहे ते मराठी स्पर्धेचे. चित्रपटगृहांत अजून न लागलेला मराठी चित्रपट दिग्दर्शक आणि कलाकारांच्या उपस्थितीत पाहावा आणि खेळ संपल्यावर त्यांना थेट प्रश्न विचारावा, हे सुख गोव्यात क्वचितच मिळते. राज्य सरकारच्या वतीने पिफमध्ये दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांना ‘प्रभात’ आणि ‘संत तुकाराम’ ही नावे आहेत. ज्या शहरात ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, तिथे ती शोभतातही. या खेळांनंतर प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःचे व्याख्यान देणारा एक गृहस्थ सभागृहात असतोच, तेवढे सोसावे लागते.

खरा फरक पडतो तो दिवसाच्या तासांत. पिफची चित्रपटगृहे वर्षागणिक बदलत आली आहेत : लॉ कॉलेज रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, सेनापती बापट रस्त्यावरचा पॅव्हेलियन मॉल, औंधचा वेस्टएंड मॉल, बंडगार्डनचे आयनॉक्स. वेळापत्रक हाती आले की आपण उत्साहाने पेनने गोल करतो. पण संग्रहालयातला खेळ संपवून पाऊण तासात औंधला पोहोचायचे म्हणजे वाटेत विद्यापीठ चौक लागतो, याचा हिशेब त्या गोलांत नसतो. रिक्षातून उतरून धावत वर जावे तर सुरुवातीचा प्रसंग हुकलेला असतो आणि अंधारात मोबाइलच्या उजेडात चाचपडत दुसऱ्या रांगेत मान वर करून बसावे लागते; इंग्रजी उपशीर्षके तिथून वाचता वाचता चित्र निसटते. म्हणून पुण्यात दिवसाला एकच ठिकाण निवडावे आणि तिथे जे लागेल ते पाहावे. या शिस्तीतून न ठरवता हाती आलेले चित्रपटच पुष्कळदा अधिक लक्षात राहतात.

त्यातून महोत्सव आपल्याच गावात असला की घर सुटत नाही. सकाळचा खेळ गॅस सिलिंडरवाल्यापायी बुडतो, संध्याकाळचा कोणाच्या तरी मुंजीच्या आमंत्रणापायी. रजा मंजूर असूनही ऑफिसातून ‘पुण्यातच आहात ना?’ म्हणून फोन येतो. याउलट पणजीत माणूस सकाळी खोलीबाहेर पडतो तो रात्रीच परततो, आणि मधल्या वेळेत त्याच्याकडे चित्रपटांखेरीज दुसरे काम नसते. महोत्सवाचे मुख्य केंद्र असलेले आयनॉक्स जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात आहे, मॅकिनेझ पॅलेस त्याला लागूनच आहे आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी उभारलेली कला अकादमी मांडवीच्या काठाने चालत गाठता येते. दोन खेळांमधल्या या चालण्यात ओळखी होतात, कोणता चित्रपट टाळावा हे कळते आणि मिरामारच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याने झोपही उडते. पर्वरीच्या पडद्यांवर आपल्या आवडीचे काही असेल, तर मात्र मांडवी ओलांडून जाण्या-येण्याचा वेळ धरावा लागतो.

प्रवेशाच्या पद्धतीतही मोठे अंतर आहे. महोत्सवांतील चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते ती नोंदणीकृत प्रतिनिधींपुरतीच, म्हणून दोन्हीकडे आधी नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. पुण्यात ते गळ्यात घातले की पुढचे सगळे रांगेवर : जो आधी आला त्याला जागा. संग्रहालयाबाहेरच्या रांगेत घडी घातलेले वेळापत्रक, पाण्याची बाटली आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन आलेले ज्येष्ठ नागरिक तासभर आधी उभे असतात, आणि त्यांच्यापुढे नंबर लावण्याची हिंमत फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थीही करत नाहीत. गोव्यात नोंदणीनंतर प्रत्येक खेळाची जागा वेगळी, तीही ऑनलाइन राखून ठेवावी लागते. नामांकित दिग्दर्शकाच्या चित्रपटाच्या जागा काही मिनिटांत संपतात. मग ज्यांना तिकीट मिळाले नाही त्यांची वेगळी रांग लागते आणि खेळ सुरू होण्याच्या बेतात रिकाम्या खुर्च्यांवर त्यांना सोडले जाते. ज्याला मोबाइलशी झटापट नको, त्याला पुण्याची रांग परवडेल. ज्याचे गुडघे दुखतात, त्याला गोव्याची पद्धत सोयीची.

खर्चाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नोंदणीची फी दोन्हीकडे मल्टिप्लेक्सच्या मोजक्या तिकिटांइतकीच असते. गोव्यात पैसा जातो तो खोलीवर. नोव्हेंबरात तिथला पर्यटनाचा हंगाम सुरू झालेला असतो, तेव्हा पणजीतच राहायचे असेल तर खोली गणपतीच्या सुमारासच ठरवून टाकावी. पुण्याहून रात्रीच्या बसगाड्या आहेत, मिरज-लोंढामार्गे जाणारी गोवा एक्सप्रेस मडगावला सोडते आणि तिथून पणजीला कदंबाची बस मिळते. स्वस्त म्हणून कळंगुटला खोली घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर परतायला वाहन मिळवणे हाच मग एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो.

तेव्हा ज्याने एकही महोत्सव केलेला नाही, त्याने पिफपासून सुरुवात करावी. दिवसाला चार चित्रपट आपल्याला झेपतात का, संथ लयीच्या चित्रपटात जेवणानंतर डोळा लागतो का, हे घरच्या मैदानावर स्वस्तात कळते. विद्यार्थ्यांना आणि मराठी चित्रपटांत विशेष रस असलेल्यांनाही पुणेच अधिक देईल. मात्र ज्याला हे वेड लागून चुकले आहे आणि ज्याची सगळी रजा पाहुण्यारावळ्यांत जाते, त्याने ती गोव्यात खर्च करावी, असे मी निःशंकपणे सांगेन. जोडीदाराला चित्रपटांत रस नसेल, तर त्यालाही पणजीत दिवस कंटाळवाणा जाणार नाही.

मुंबईचा मामी हा महोत्सव जवळ असला तरी त्याच्या भरवशावर रजा टाकू नये; २०२५ साली तो झालाच नाही. केरळचा आंतरराष्ट्रीय महोत्सव इफ्फ्क, डिसेंबरात तिरुवनंतपुरमला भरणारा, तिथला प्रेक्षकवर्ग अनुभवण्यासाठी एकदा पाहावाच असा आहे आणि एका पुरस्कारासाठी तिथे प्रतिनिधी स्वतः मत देतात. परंतु पुण्याहून कन्याकुमारी एक्सप्रेसने जायला दीड दिवस आणि यायला तेवढाच वेळ लागतो. आठवड्यातले तीन दिवस रुळांवर घालवायची तयारी नसेल, तर विमानाचे भाडे आधी पाहून मगच तिथली नोंदणी करावी.