मॅक्स३१८६५ चा क्लोन बोर्ड: चिप झकास, पण रेझिस्टर तपासून घ्या

तापमानाचा सेन्सर वाचणाऱ्या मॅक्स३१८६५ चिपचा हा क्लोन (नक्कल केलेला) बोर्ड दोन महिने वापरून मग लिहितोय, पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. आधी ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) साधा व्होल्टेज डिव्हायडर लावून पीटी१०० (तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा, शून्य डिग्रीला १०० ओहमचा सेन्सर) वाचायचा प्रयत्न केला होता, पण तो एका डिग्रीला जेमतेम ०.३८५ ओहम बदलतो, त्याला त्यातलं काय कळणार, आकडे नुसते नाचत होते.

या चिपची गंमत म्हणजे ती सेन्सरवरचं व्होल्टेज बोर्डावरच्या रेफरन्स रेझिस्टरशी ताडून बघते, दोघांतून करंट एकच जातो त्यामुळे सप्लाय थोडा हलला तरी गुणोत्तर तेच राहतं. १५ बिट, म्हणजे साधारण ०.०३ डिग्रीची पायरी. पण मग सगळी मदार त्या एका रेझिस्टरवर, आणि बनवणाऱ्यांनी काटकसर नेमकी तिथेच केलीय! तो १ टक्क्याने चुकला तर शून्याजवळ अडीच डिग्रीचा घोळ, मग १५ बिट काय चाटायचेत. आणि हो, त्यावर ४३०० छापलंय म्हणून कोडमध्ये ४३०० टाकू नका, तो चार आकडी कोड आहे, शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं ते, किंमत ४३० ओहमच (मी टाकलं होतं, तापमानाच्या जागी नुसतं 'नॅन' (म्हणजे आकडाच नाही) येत होतं, तासभर वायरिंग तपासत बसलो). −२४२.०२ दिसलं तर मात्र खरंच वायरिंग बघा, एसपीआय (चिप आणि ईएसपी३२ मधली संवादाची लाइन) बोलत नाहीये.

थ्री वायर सेन्सर असेल तर जम्पर सोल्डर करावे लागतात शिवाय एक बारीक ट्रॅक ब्लेडने कापावा लागतो, हे पाकिटात कुठेच लिहिलेलं नाही. आळस करून टू वायर लावला तर वायरीचा अर्धा ओहमसुद्धा १.३ डिग्री जास्त दाखवतो.

मग रेझिस्टर किती चुकतोय ते शून्य डिग्रीला बघायला थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून, ढवळत ढवळत बघितलं तर ०.८ डिग्री, म्हणजे १००.३१ ओहम. कोडमध्ये ४३० ऐवजी ४२८.६७ टाकलं आणि शून्यावर आलं. आता यात थोडी चूक सेन्सरचीही असणार, जास्त अचूक अशा ए क्लासच्या सेन्सरलासुद्धा शून्यावर ±०.१५ डिग्रीची सूट असतेच, पण माझ्या कामाला चालतंय. बायस (सेन्सरमधून करंट पाठवणारं व्होल्टेज) मात्र प्रत्येक रीडिंगनंतर बंद करा, सतत चालू ठेवला तर सेन्सरमध्येच दीड मिलिवॉटच्या आसपास जिरतात आणि स्थिर हवेत तो स्वतःच्याच उबेने वर सरकतो.

चिपला पाच, बोर्डाला दोन, म्हणून तीन स्टार. दुसरा बोर्ड मागवलाय, पण त्यावरचा रेझिस्टर आल्या आल्या काढून ०.१ टक्क्याचा लावणार.