तैलचित्र म्हणून छापील कापड गळ्यात मारलं, त्याची गोष्ट

माझा कुत्रा बंड्या गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी त्याचं चित्र काढायला दिलं. एवढी घाई करायला नको होती. डोळे भरलेले असताना माणूस प्रश्न विचारत नाही. समोरचा ‘बघू’ म्हणाला तरी आपल्याला ‘करतो’ असंच ऐकू येतं.

ज्या ऑनलाइन पेजला काम दिलं, त्यावर कुत्री, मांजरं, दोनचार घोडे, एकापेक्षा एक चित्रं. कॅनव्हासवर, ऑइलमध्ये, हाताने रंगवलेली, असं लिहिलेलं. निम्मे पैसे आगाऊ. त्यात वावगं काही नाही, खरे चित्रकारही आगाऊ घेतात. माझा कुत्रा दुसरं कोण विकत घेणार? मी एकच फोटो पाठवला, मान वर करून माझ्याकडे बघतानाचा. सोबत लांबलचक मेसेज. लहानपणी दुसऱ्या कुत्र्याने चावून बंड्याच्या उजव्या कानाच्या टोकाचा तुकडा तोडला होता. फोटोत तो कान मागे पडलाय, पण चित्रात तेवढं नक्की दाखवा, असं कळवलं. उत्तर आलं, “ताई, काळजीच करू नका. बंड्या आता आमचाही झालाय.” तेव्हा मला रडू आलं. आता तो मेसेज वाचला की तळपायाची आग मस्तकात जाते.

तिसऱ्या दिवशी पेन्सिल स्केचचा फोटो आला, पाचव्या दिवशी रंगाचा पहिला हात, आठव्या दिवशी ‘जवळपास पूर्ण’. दर फोटोमागे नवी मागणी: फ्रेम, वार्निश, वाहतुकीचा विमा. नवव्या दिवशी वार्निशसकट तयार! उरलेले पैसे मी लगेच पाठवले.

तैलरंगाबद्दल थोडं जरी वाचलं असतं तरी इथेच शंका आली असती. तो पाणी उडून वाळत नाही. त्यातलं तेल, बहुतेक वेळा जवसाचं, हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. पातळ थर हाताला लागेनासा व्हायला काही दिवस जातात, जाड थराला आठवडे. शेवटचं वार्निश तर साधारणपणे ६ महिने ते वर्षभर थांबून देतात. ॲक्रिलिक हा पाण्यातला रंग तासाभरातही वाळतो, पण मग ऑइल म्हणून पैसे कशाचे घेतले?

पार्सल उघडलं. लांबून बंड्याच. दोन दिवस भिंतीवर होता, येता-जाता मी त्याच्याशी बोललेसुद्धा. तिसऱ्या रात्री दिवे गेले आणि टॉर्चचा उजेड त्याच्यावर आडवा पडला. ब्रशचे उंचवटे दिसले, पण केस खाली उतरत होते आणि उंचवटे त्यांना छेदून आडवे, थेट डोळ्यावरूनसुद्धा. म्हणजे छापील कापडावर वरून पारदर्शक जेल फासलेलं. सकाळी भिंग लावलं तर नाकाच्या काळ्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. तेलाचा वास तर सुरुवातीपासूनच नव्हता.

मग पंजा दिसला. फोटो काढताना बंड्याने डावा पंजा उचलला होता, म्हणून फोटोत तो हललेला आलाय. चित्रातही तो तस्साच हललेला. फोन जवळ धरल्यामुळे फोटोत नाक फुगलंय, चित्रातही तेवढंच फुगलेलं. आणि कान? अगदी धड. फोटोतले दोष झाडून सगळे आले, मी शब्दांत सांगितलेलं काहीच आलं नाही. जुना पेन्सिल स्केच उघडून बघितला, तिथंही पंजा हललेला! पेन्सिलीने कोणी हललेला पंजा काढतं का? एकाच फोटोवर फिल्टर मारून त्यांनी तिन्ही टप्पे बनवले होते.

पेजवरची चित्रं इमेज सर्चमध्ये टाकली. काही भलत्याच चित्रकारांची निघाली. एका घोड्याच्या लगामाचा पट्टा गालावरून निघून कुठंच पोहोचत नव्हता. ते एआयचंच काम असणार. पैसे पाठवण्याआधी हे बघायला पाच मिनिटं पुरली असती.

जाब विचारला तर आधी “ताई, हे मिक्स मीडिया आहे,” म्हणजे एकाच चित्रात वेगवेगळी माध्यमं, मग “वार्निशमुळे तसं वाटतं,” आणि मग ब्लॉक. पैसे मी थेट खात्यावर पाठवले होते, त्यामुळे बँकेने हात वर केले. कार्डने दिले असते तर निदान व्यवहाराला आव्हान देता आलं असतं. नशीब, जाब विचारण्याआधीच सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढले होते. तक्रारीला तेवढाच आधार. चारच दिवसांत पेजचं नाव बदललं.

छापील कॅनव्हास वाईट नसतो. छापील म्हणून विकला तर मीही घेईन. पण हाताचं काम म्हणत असतील तर काम चालू असतानाचा व्हिडिओ मागा, ब्रश हलताना दिसेल असा, शेजारी तुमच्या प्राण्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून. खऱ्या चित्रकाराला याचा राग येत नाही. उलट तोच तुम्हाला भंडावून सोडतो.

आता जिच्याकडे काम दिलंय तिने आधी माझा फोटो नाकारला. डोळ्यांच्या पातळीवरून, थोडं लांबून, खिडकीच्या उजेडात काढलेले आणखी फोटो आहेत का, पंजे कसे होते, कानाचा तुकडा नेमका किती गेला होता? जुन्या फोनमध्ये एक व्हिडिओ सापडला. त्यात कान दिसतो, पण बंड्या एक क्षण स्थिर राहत नाही. काल रात्री बसून त्यातून एकेक फ्रेम काढली. अकरा पाठवल्यात.